बी-दोन, थेट

ओळंबा हे काही त्याचं नाव नव्हतं. तरुणपणी तो गवंड्यांच्या हाताखाली होता, आणि भिंत सरळ आहे की नाही हे दोरीला वजन न बांधता नुसत्या डोळ्यांनी सांगायचा. गवंड्यांनी त्याला ओळंबा म्हणायला सुरुवात केली. पुढे विटा सुटल्या, केबल टाकायचं काम हाती आलं, डोक्यावरचे केस पिकले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याने टाकलेली केबल छतात लोंबत नसे की कोपऱ्यावर मुडपत नसे. "ओळंब्याचं काम आहे ना? मग बघायला नको," असं म्हणून लोक शिडीवर न चढताच कागदावर सही करत. माणसाचं चांगलं नाव त्याला कधी बुडवील, सांगता येत नाही.

लिहायला तो चाळिशीत शिकला, तेही लेकीकडून. केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी लागते, कुठून आली आणि कुठे गेली याची. दुसऱ्याकडून लिहून घ्यायची त्याला लाज वाटे. लेक तेव्हा तिसरीत होती. ती त्याचा राकट हात आपल्या इवल्या मुठीत धरून पाटीवर फिरवायची आणि चुकलं की मास्तरणीसारखी ओरडायची, "बाबा, लक्ष कुठंय तुमचं?" 'थेट' हा शब्द त्याने पहिल्या महिन्यातच शिकून घेतला. मधे जोड नसलेल्या केबलवर तोच लिहायचा असतो.

ती लेक शिकून एका मोठ्या रुग्णालयात नेटवर्कची इंजिनिअर झाली. चौथ्या मजल्यावर हृदयरोग्यांचा नवा विभाग निघाला आणि केबलचं काम ओळंब्याच्या ठेकेदाराला मिळालं. केबल बापाची, वरची अक्कल लेकीची. ओळंब्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पहिल्या आठवड्यात डबा खाताना तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. तळमजल्यावर एक मोठा सर्व्हर. त्याच्या पोटात आणखी सात-आठ यंत्रं, पण ती लोखंडाची नव्हेत, सॉफ्टवेअरची. ती बाहेरच्या जगाशी बोलतात एका स्विचमधून, आणि तो स्विचही सॉफ्टवेअरचाच.

"म्हणजे नसलेल्या यंत्रांना नसलेला स्विच," ओळंबा म्हणाला. "आणि पगार तेवढा तुला खरा मिळतो?"

"मिळतो की. आणि तुमची केबल खरी. पुढचं सगळं तिच्यावर."

"त्या नसलेल्या स्विचला अक्कल कोण देतं?"

"कंट्रोलर. सगळ्या स्विचांचं डोकं एका जागी ठेवलंय. कुठला निरोप कुठल्या वाटेने न्यायचा ते कंट्रोलर ठरवतो, स्विच फक्त ऐकतो."

"आपल्या घरासारखं मग. तुझी आई कंट्रोलर, मी स्विच."

"तुम्ही ऐकता कधी?" लेक म्हणाली, आणि दोघं हसली.

सर्व्हरपासून चौथ्या मजल्यापर्यंत दोन केबली जाणार होत्या, बी-एक आणि बी-दोन, इमारतीच्या दोन वेगळ्या अंगांनी. यंत्राला मात्र त्या दोन पदरांच्या एकाच दोरीसारख्या दिसणार. खाटेशेजारचं यंत्र रोग्याच्या छातीचे ठोके सर्व्हरला कळवणार, आणि सर्व्हर ते सिस्टरच्या टेबलासमोरच्या मोठ्या फळ्यावर पाठवणार. सम खाटांचे निरोप बी-एकवरून, विषम खाटांचे बी-दोनवरून, असा नियम लेकीने कंट्रोलरला घालून दिला होता. एक पदर तुटला तर सगळे निरोप दुसऱ्यावरून.

"आणि तुटला हे कळतं कसं?"

"दोन्ही टोकं सेकंदाला एकदा एकमेकांना हाक मारतात, बाबा. आहेस का? आहे. हाकेला ओ आली नाही की तो पदर बाद."

"सेकंदाला एकदा? संशयी आहेत की गं."

"असावंच लागतं."

बी-दोनच्या वाटेत जिन्याची भिंत आली. आग लागली तर माणसं तिच्या आडोशाने उतरणार, म्हणून तिला भोक पाडायची मनाई होती. वळसा घालून मोजलं तर एकशे अठरा मीटर भरले. तांब्याच्या केबलचा दम शंभरावर संपतो, पुढे निरोप पोचतातच असं नाही. ओळंब्याने ठेकेदाराला सांगितलं. विभागाचं उद्घाटन पाच दिवसांवर होतं.

"ओळंबा, तू एवढा जुना माणूस," ठेकेदार म्हणाला. "कसं करतोस ते मला सांगू नकोस. झालं एवढंच सांग."

घरी कपाटाच्या खणात एक निळी डबी पडून होती, पाच भोकांची, साबणाच्या वडीएवढी. लेक कॉलेजात असताना तिच्यावर शिकली होती. एका भोकातून आलेलं दुसऱ्या भोकातून पुढे ढकलायचं, एवढंच तिचं काम. ओळंब्याने ती डब्याच्या पिशवीतून नेली. चादरी ठेवायच्या खोलीच्या छतात, फळ्यांच्या वर, दिव्याच्या वायरीतून तिला वीज दिली, आणि दोन तुकड्यांच्या मधे तिला बसवलं. दोन्ही टोकांना हिरवे दिवे लागले. मग त्याने चिठ्ठ्या लिहिल्या. हात जरा अडखळला. पण 'मधे डबी' असं लिहिलं असतं तर काम नापास झालं असतं, आणि उद्घाटनानंतर एखाद्या रविवारी येऊन नीट करायचं त्याने मनाशी ठरवलंच होतं. त्याने लिहिलं, 'बी-दोन, थेट.'

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, बी-दोन ओ देत नाही. दिवा हिरवा आहे, पण हाकेला उत्तरच नाही. मधे काही आहे का?"

"मधे काय असणार?"

"जोड, डबी, काहीही?"

"चिठ्ठी वाच की. तूच शिकवलंयस लिहायला."

"वाचली. तरी विचारते. सरळ आहे ना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत?"

"सरळ आहे," ओळंबा म्हणाला.

डबीमुळे ओ येत नाही, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. डबी बाकी सगळं पुढे ढकलते, पण दोन टोकांची ती एक हाक मात्र आपल्यापाशीच गिळून टाकते, पुढे जाऊ देत नाही. डब्यांची घडणच तशी असते. हे ज्यांना ठाऊक असतं त्यांना एका मिनिटात कळलं असतं की मधे कोणीतरी बसलंय. लेकीला ते ठाऊक होतं. म्हणून तर तिने विचारलं होतं, आणि तेही दोनदा.

बापाने सरळ आहे म्हटल्यावर तिने दोष स्विचमध्ये शोधला. दीड दिवस शोधला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिचे साहेब डोक्यावर येऊन बसले. शेवटी तिने हाक मारणं बंद केलं आणि दिवा हिरवा असला की केबल चांगली समजायची, असं यंत्राला सांगितलं. निरोप लगेच दोन्ही पदरांवरून धावू लागले. वहीत तिने लिहिलं, 'हाक बंद ठेवली आहे. कारण नंतर शोधणे.'

त्यालाही नंतर करायचं होतं, तिलाही. पाच महिने गेले.

पाचव्या महिन्यात थंड हवेची यंत्रं बसवणारे आले. त्यांना जिन्याच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी मिळाली, आणि त्यांचा गरम हवेचा पत्र्याचा पाइप चादरींच्या खोलीवरून, डबीच्या अंगाला अंग लावून गेला. डबी भाजत राहिली. एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती अडकून बसली. तिचे दिवे जळत होते आणि आतून काही जात नव्हतं. दोन्ही टोकांना हिरवा दिवा, म्हणून कंट्रोलरच्या लेखी सगळं आलबेल. तो विषम खाटांचे निरोप बी-दोनवर पाठवत राहिला.

फळ्यावर विषम खाटांचे शेवटचे आकडे तसेच थांबले. सात नंबरच्या खाटेवर एक सुतार होता. त्याचा आकडा होता चौऱ्याहत्तर. खाटेजवळच्या यंत्रांचा आवाज बंद ठेवलेला असे, रोग्यांना झोप लागावी म्हणून. ओरडायचं ते फळ्याने. सिस्टरने चार वेळा मान वर करून पाहिलं, चारही वेळा चौऱ्याहत्तर. वीस मिनिटांनी सुताराची बायको थर्मासमध्ये चहा घेऊन आली आणि दारातूनच किंचाळली.

लेकीने धावत जाऊन बी-दोन दोरीतून काढून टाकली, दोन्ही टोकांचे प्लग उपसून ठेवले, आणि सगळे निरोप बी-एकवर घेतले. फळा जिवंत झाला. सुतार मात्र झाला नाही.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती चपलांसकट आत आली. आईने पाणी पुढे केलं, ते तिने हातातच धरून ठेवलं.

"दिवा हिरवा होता, बाबा. केबल गिळत होती आणि दिवा हिरवा होता. असं कसं होईल?"

ओळंब्याला तेव्हाच डबी दिसली, डोळ्यांपुढे, निळी.

"आता काय करणार?" त्याने विचारलं.

"चौकशी बसलीय. परवा केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत यंत्र लावून तपासणार आहेत. तिच्यात काही निघालं तर निदान कळेल तरी मी हाक का बंद केली ते."

शेवटचं वाक्य त्याने ऐकलं, पण त्याच्या कानात घुमत राहिलं ते 'परवा' आणि 'तपासणार'. भीतीने माणूस अर्धंच ऐकतो. त्याला वाटलं, डबी सापडली की आपण गेलो, आणि बाप गेला की लेकही गेली. डबीच नसली तर केबल चांगली ठरेल, मग कोणाचंच नाव येणार नाही, यंत्र बिघडलं म्हणतील. यंत्रं बिघडतातच.

मंगळवारी दुपारी धुण्याची गाडी आली की चादरींची खोली तासभर रिकामी असते, हे त्याला ठाऊक होतं. तो शिडी घेऊन गेला. कोणी विचारलं नाही. ओळंबा शिडीवर दिसणं म्हणजे भिंतीवर घड्याळ दिसण्यासारखं होतं. त्याने जुने दोन्ही तुकडे ओढून काढले. नवी केबल जिन्याच्या भिंतीतल्या त्या नव्या भोकातून घेतली. चौऱ्याण्णव मीटरच भरली. जन्मात टाकली नव्हती इतकी सुंदर टाकली. टोकांना नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, 'बी-दोन, थेट.' आता ते खरं होतं.

डबी घरामागे दगडावर ठेवून त्याने हातोडीने फोडली, आणि तिचे तुकडे बाजाराच्या वाटेवरच्या तीन कचराकुंड्यांत टाकले.

बुधवारी चौकशी भरली. लांबट टेबल, एका बाजूला तिघं, मधे पांढऱ्या केसांच्या एक बाई. त्या कडक होत्या, पण कोणाला तोडून बोलत नव्हत्या. भिंतीला लावलेल्या बाकावर ठेकेदार, ओळंबा, सिस्टर, आणि दाराशी सुताराची बायको. लेक टेबलासमोर एकटी उभी होती.

तपासणारा माणूस आत आला. "बी-दोन चौऱ्याण्णव मीटर. मधे जोड नाही. दोष नाही. साहेब, इतकी स्वच्छ केबल मी पाहिलेली नाही."

ठेकेदाराने ओळंब्याच्या पाठीवर हळूच थाप मारली. "म्हटलं नव्हतं? ओळंबा आहे तो."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. "केबलीत दोष नाही. मग हाक बंद का केलीत?"

"मॅडम, तेव्हा बी-दोन ओ देत नव्हती. मी दीड दिवस प्रयत्न केला."

"आत्ता सुरू करा. इथेच."

लेकीने लॅपटॉप उघडला, खाली प्लग लावायला सांगितले, आणि हाक सुरू केली. भिंतीवरच्या पडद्यावर दोन ओळी होत्या. एक सेकंद गेला. बी-एक, आहे. बी-दोन, आहे. दुसरा सेकंद. आहे. आहे. पडदा ते म्हणतच राहिला.

ओळंब्याला त्या क्षणी कळलं की डबी हा लेकीच्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार होता, आणि त्याला आपण दगडावर ठेवून मारलं.

लेक पडद्याकडे पाहत होती. मग तिने मान वळवली आणि बापाकडे पाहिलं. त्याच्या नखांत पांढरी धूळ होती, छताच्या फळ्यांची. त्याने मूठ मिटली. पण तिने पाहिलं होतं.

"यावर काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली.

ओळंबा उभा राहिला. उठताना बाकाला अडखळला. "मला म्हणायचंय. मधे डबी होती. मी बसवली होती. ही विचारत होती मधे काही आहे का, मी नाही म्हटलं. काल मी ती काढली आणि नवी केबल टाकली."

"डबी कुठाय?"

"फोडली. टाकून दिली."

"नव्या भोकातून तर ती थंड हवेवाल्यांनीही वळवली असेल. जुनी केबल कुठाय?"

"भंगारवाल्याला दिली. त्याने कालच तांबं काढलं असेल."

"डबी कोणी पाहिली होती?"

त्याने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदार टेबलाच्या पायाकडे पाहत म्हणाला, "माझ्या सामानाच्या यादीत डबी नाही, मॅडम. मला या माणसाने डबीचं कधी काही सांगितलं नाही." हे अक्षरशः खरं होतं.

"घरातली होती," ओळंबा म्हणाला. "हिच्या आईला विचारा. खणात नाहीये आता."

तपासणाऱ्या माणसाने मान खाली घातली. बाईंनी एक कागद पुढे ओढला. पाच महिन्यांपूर्वी काम ताब्यात घेताना काढलेला फोटो होता त्यावर, चिठ्ठीचा. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"काय लिहिलंय?"

"थेट."

"तुम्ही हिचे वडील ना?"

"हो."

बाईंचा आवाज खाली आला, आणि त्या खाली आलेल्या आवाजानेच त्याला कळलं की संपलं. "मलाही मुली आहेत. तुम्ही कशाला उठलात ते मी समजू शकते. बसा."

"मी खोटं बोलत नाहीये हो! तेव्हा बोललो होतो, आत्ता नाही!"

"बाबा," लेक म्हणाली, मागे न वळता. "बसा खाली."

तो बसला. बाईंनी लिहून घेतलं की इंजिनिअरने सुरक्षेची हाक सबळ कारणाशिवाय बंद ठेवली. पोलिसांकडे कागद जाईल असंही त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं.

बाहेर व्हरांड्यात सुताराची बायको त्याच्या आडवी आली. जवळून ती वयाने लहान दिसत होती. हातात तोच थर्मास होता, तिला तो कुठे ठेवायचा सुचत नसावं.

"डबी खरंच होती?"

"होती."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "खोटं बोलणारा माणूस उभा राहताना धडपडत नाही." थोडं थांबून तिने विचारलं, "काल दुपारी का नाही बोललात? कागदांसाठी मी इथंच होते. या बाकावर. चार वाजेपर्यंत."

ओळंब्याने थर्मासकडे पाहिलं. त्या सबंध इमारतीत त्याच्यावर विश्वास ठेवणारी ती एकटी होती, आणि तिच्यासमोर उभं राहणं त्याला टेबलासमोरच्यापेक्षा जड गेलं. ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली, मग कोणीतरी तिला सहीसाठी बोलावलं आणि ती गेली.

लेक जिन्यावर बसली होती, गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात गुंडाळून. भिंतीला वर ते नवं भोक होतं, आणि त्यातून त्याची केबल गेली होती, रेघ ओढल्यासारखी.

तो दोन पायऱ्या सोडून खाली बसला.

"पुन्हा जातो आत," तो म्हणाला. "तुझ्या आईला घेऊन जातो. भंगारवाल्याकडे जातो."

"जा."

"मानतील?"

"नाही."

खालून ढकलगाडीची चाकं करकरत गेली. लेकीने ओळखपत्राची दोरी सोडली, पुन्हा गुंडाळली.

"त्या केबलला मी सेकंदाला एकदा विचारत होते," ती म्हणाली. "ती नाही म्हणत होती, तरी विचारत होते. दीड दिवस. तुम्हाला दोनदा विचारलं आणि थांबले."

"पोरी..."

"खरं ती बोलत होती, बाबा."

ती उठली. कपडे झटकले. खाली जायच्या ऐवजी वर गेली, चौथ्या मजल्याकडे, किल्ल्या द्यायला. ओळंबा जिन्यावर बसून राहिला. येणारी-जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती, आणि त्यांतला एकजण, जुना ओळखीचा, जाता जाता वर बघून म्हणाला, "वा, ओळंबा. काय सरळ टाकलीयस."